पाच तारांची केबल आणि बेक्तुरचे पाय

एका तारेत दोन कामं कशी करून घ्यायची हे अख्ख्या काराकोल गावात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे मी! हे वाक्य गेल्या उन्हाळ्यात मी इतक्या जणांना ऐकवलं, की शेवटी शेवटी लोक मला लांबून बघून रस्ता ओलांडायला लागले. आता मीच रस्ता ओलांडतो. का, ते सांगतो. सांगितल्यानं माझं दुःख कमी होणार नाही, पण निदान तुमची करमणूक होईल.

मी तोलोगोन. तीस वर्षं लग्नाकार्यांत गिटार वाजवतोय. पूर्वी आम्ही चौघं होतो. एक जण रशियाला गेला, उरलेले दोघं आपापसात भांडले आणि मग दोघांनी एकमतानं मला सोडलं. तेव्हापासून ढोल, बासरी, कोमुज, सगळं मी एकटाच. म्हणजे माझ्याकडे आवाजाचा एक डबा आहे, त्याच्या पोटात हे सगळे वाजवणारे बसलेत. डबा मागे टेबलावर असतो आणि पुढे माझ्या पायाशी पेडल. पेडल म्हणजे दहा बटणांची लोखंडी फळी. एक बटण पायानं दाबलं की ढोल सुरू, दुसरं दाबलं की ढोल बंद. पेडलचा हुकूम मिडी केबलमधून डब्याकडे जातो आणि डबा तो निमूटपणे पाळतो. आमच्या घरात माझं असं ऐकणारं दुसरं कोणी नाही.

अडचण एकच होती. पेडलला स्वतःची वीज लागते. त्यासाठी एक अडॅप्टर, अडॅप्टरसाठी एक बोर्ड, आणि हा सगळा पसारा स्टेजच्या अगदी पुढे, जिथे लोक नाचतात. शुभेच्छांच्या तिसऱ्या प्याल्यानंतर नवरीच्या मावश्या उंच टाचांचे बूट घालून तिथे उतरतात. त्यांच्या टाचा आणि माझा अडॅप्टर यांची गाठ देवानंच मारलेली असावी, कारण एकही लग्न असं गेलं नाही की तो उपटला गेला नाही. बरं, पेडल मेलं म्हणून डबा गप्प बसत नाही. त्याला मिळालेला शेवटचा हुकूम तो पाळत राहतो, अगदी सरकारी नोकरासारखा.

मे महिन्यात याच गोष्टीनं माझा घात केला. गावातला सगळ्यात मोठा हॉल तुर्सुनायबाईंचा, आणि तिथला दर शनिवार माझा. त्या शनिवारी नाच संपत आला होता. नव्वदीचे एक आजोबा आशीर्वाद द्यायला उभे राहिले. दोनशे माणसांनी हात पसरले. मी ढोल बंद करायचं बटण दाबलं. ढोल चालूच! वाकून बघतो तर अडॅप्टर एका मावशीच्या टाचेला लटकलेला. आजोबा थांबले, त्यांनी वाट पाहिली, पुन्हा वाट पाहिली, आणि मग त्यांचा नाइलाज झाला. लेकरं होवोत, मेंढ्या होवोत, दीर्घायुष्य लाभो, हे सगळं त्यांनी नाचाच्या ठेक्यावर, एका दमात म्हणून टाकलं. शेवटी शेवटी त्यांचे खांदे हलायला लागले होते. तो आशीर्वाद लागू होतो का, असं नवरीची आई मला अजून फोन करून विचारते.

तुर्सुनायबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला कचेरीत बोलावून चहा दिला आणि म्हणाल्या, "तोलोगोन, सप्टेंबरमध्ये तुझ्या नातवाच्या पहिल्या पावलांचं तुशो आहे ना? मी येणार आहे. तिथे एक गाणं वाजव. एकच. तू म्हणशील तेव्हा सुरू व्हायला पाहिजे आणि तू म्हणशील तेव्हा थांबायला पाहिजे. एवढं जमलं तर शनिवार तुझा."

नाही जमलं तर काय, ते त्या बोलल्या नाहीत, पण मला ठाऊक होतं. माझ्या मेहुण्याचं गालिच्यांचं दुकान आहे. "दाजी, गिटार ठेवा आता, गालिचे उचला," असं तो दहा वर्षं मला हसत हसत सांगतोय. मी गेलो असतो तर त्याला फार आनंद झाला असता, आणि त्या आनंदाचीच मला भीती होती.

म्हणून मी डोकं लढवलं. मिडी केबलच्या टोकाला पाच पिना असतात. त्यातल्या तीन काम करतात आणि दोन नुसत्या बसून असतात. आमच्या सासुरवाडीतही पाच भावांचं असंच आहे, त्यामुळे मला हे चटकन समजलं. तर त्या दोन रिकाम्या पिनांतून डब्याकडची वीज पेडलकडे पाठवायची! अडॅप्टर मागे डब्यापाशी, टेबलाखाली सुरक्षित. पुढे फक्त एक केबल. हुकूम तिकडे, वीज इकडे. मावश्यांनी मग हवं तेवढं नाचावं.

हे मी सगळ्यात आधी आमच्या व्याह्यांना सांगितलं आणि तिथेच चुकलो. कादिर व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. पस्तीस वर्षं वीजघरात नोकरी, आता निवृत्त. गाणंबजावणं हे काम आहे असं त्यांना अजून पटलेलं नाही. त्यांनी माझं बोलणं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आम्ही असलं काही केलं असतं तर निम्मं गाव अंधारात गेलं असतं."

मी म्हटलं, "ते तसंही जातंच की, व्याही."

ते चहा अर्धा टाकून उठून गेले. मग मात्र हे जमवून दाखवणं माझ्या इभ्रतीचा प्रश्न झाला. मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर अडॅप्टर कचऱ्याच्या बादलीत टाकला. माझी बायको बुरुल नुसती बादलीकडे बघत राहिली. टेबलाखालच्या कामासाठी मी दुसरा अडॅप्टर आणला आणि तो डब्यात कायमचा जोडून टाकला.

बाजारातून एक लांब, जाडजूड, नवी केबल आणली. डब्याच्या आत तारांना कथलाचा डाख दिला, पेडलच्या आत डाख दिला, बोट भाजलं, टेबलाचं कापड जळलं. केबल लावली. पेडलवर एक दिवा लागेल तर शपथ! तीन दिवस मी डबा उघडतोय, बंद करतोय, पेडल उघडतोय, बंद करतोय. चौथ्या दिवशी वैतागून केबलचं टोक उघडलं, तर बाहेरून पिना पाच आणि आतून तारा तीन. दोन पिना नुसत्या शोभेला लावलेल्या.

मी दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "मोजा की. पाच आहेत का नाहीत?"

"पिना पाच आहेत. तारा तीनच आहेत."

"तुम्ही पिना मागितल्या होत्या," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग मीच केबल बनवली. टेलिफोनच्या पाच बारीक तारा घेतल्या, सहा मीटर लांब, एकमेकींत पीळ दिला, दोन्हीकडे पाच-पाच पिनांची चकचकीत टोकं बसवली. लावली आणि पेडलचे दहाच्या दहा दिवे लागले. मी एकटाच खोलीत नाचलो. पण तारांचा पीळ सुटायला लागला, आणि चिकटपट्टीचं म्हणाल तर ती फक्त माझ्या बोटांना चिकटे. कपाटाच्या खालच्या खणात मला लोकरीचे दोन गुंडे सापडले. एक काळा, एक पांढरा. दोन दिवस बसून मी ती केबल लोकरीनं गच्च गुंडाळली, एक वेढा काळा, एक वेढा पांढरा. इतकी देखणी झाली, की ती कुठेही टाकून ठेवायला मन होईना. मी तिची गुंडाळी करून त्याच खालच्या खणात ठेवली. तिथे कोणी हात लावणार नाही, असा माझा हिशेब होता.

घरात नातवाचं तुशो, बायको लोकर आणून ठेवते, तीही काळी आणि पांढरी, आणि मला, म्हणजे चोपन्न वर्षं किर्गिझ म्हणून जगलेल्या माणसाला, ती कशासाठी आहे असा प्रश्न पडत नाही! पोर भिंत धरून उभं राहायला लागलं की त्याच्या पायांना काळी-पांढरी दोरी बांधायची, पाहुण्यांची शर्यत लावायची आणि जिंकणाऱ्यानं सुरीनं ती दोरी कापायची, म्हणजे पोराच्या वाटेतलं सगळं अडणं तुटलं. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, शेकडो वेळा त्यासाठी वाजवलंय. पण वाजवणाऱ्याचं लक्ष वाजवण्यात असतं.

तुशोचा दिवस उजाडला. रविवार, लख्ख ऊन, अंगणात सफरचंदाच्या झाडांखाली गालिचे अंथरलेले, कढईत बोरसोक तळले जात होते, मोठ्या हंड्यात मेंढी शिजत होती. सत्तर-एक माणूस जमलं. तुर्सुनायबाई मोटारीतून उतरल्या आणि अगदी पुढे, माझ्या पेडलसमोर जाऊन बसल्या. मी डबा लावला, पेडल मांडलं. केबल मात्र आणली नाही. शर्यत झाली की मग आणायची, उगाच कोणाच्या पायात यायला नको, असं मी ठरवलं होतं. मला माझ्या हुशारीचं तेव्हाही कौतुक वाटलं होतं, हे विशेष.

आता आतल्या खोलीत काय झालं ते मला मागाहून कळलं. बुरुलचे हात पिठात होते. तिनं विहीणबाईंना, म्हणजे कादिर व्याह्यांच्या बायकोला सांगितलं, की खालच्या खणात काळी-पांढरी लोकर आहे, तेवढी दोरी वळून घ्या. विहीणबाईंनी खण उघडला. दोरी वळून तयार! त्यांना वाटलं, बुरुलनं सगळं करूनच ठेवलंय, आता तिला कशाला त्रास द्यायचा.

इकडे माझा मुलगा एर्मेक माइक घेऊन उभा राहिला. पोरांची शर्यत झाली, बायकांची झाली, आणि त्यानं जाहीर केलं की दोरी कापायचा मान आज आजोबांच्या शर्यतीतल्या विजेत्याला. कादिर व्याह्यांनी लगेच कोट काढला आणि बाह्या सारल्या. मी नको म्हटलं. माझा श्वास मला गाण्यासाठी हवा होता.

"पळ की," तुर्सुनायबाई म्हणाल्या. "तुझं सगळं काम पायांवरच चालतं ना?"

सगळे हसले. मी पळालो. वाटेवरच्या शेवटच्या पॉप्लरच्या झाडापासून अंगणापर्यंत आम्ही पाच म्हातारे. दोघं मध्येच गप्पा मारायला थांबले, एकाची टोपी उडाली, आणि व्याही निम्म्या वाटेत गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मी जिंकलो! आयुष्यात मी एकच शर्यत जिंकलोय, ती ही. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, कोणीतरी हातात सुरी दिली, मेंढी कापायची, धार लावलेली. मी धापा टाकत नातवापुढे, आमच्या बेक्तुरपुढे, गुडघे टेकले.

विहीणबाईंनी दोरीचे वेढे हात राखून दिले नव्हते. सहा मीटर म्हणजे काय थोडी! घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत, या पायातून त्या पायात, त्या पायातून या पायात. मी म्हटलं, किती छान लोकर. मग मला त्या लोकरीवर एक तपकिरी डाग दिसला. लोकर गुंडाळल्यावर एक टोक पुन्हा डाखताना माझ्याच हातून तिथे भाजलं होतं.

बुटांच्या मागून दोन चकचकीत टोकं लोंबत होती. प्रत्येकी पाच पिना.

"ही कुठून आणलीत?" मी हळूच विचारलं.

"खणातून," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "टोकांना चांदीची बोंडंसुद्धा लावलीत. किती हौस हो तुम्हाला!"

मी बुरुलकडे पाहिलं. तिनं आधी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला एका क्षणात लोकर कुठे गेली ते कळलं. तिनं पिठाचे हात तोंडावर ठेवले. सोडवून घ्यावी का? सत्तर माणसं बघत होती. नातवाच्या पायातली दोरी कापायला आजोबा कचरला, असं एकदा झालं असतं, तर ते पोर ठेच लागून पडलं तरी लोकांनी मला आठवलं असतं. त्याच्या लग्नापर्यंत आठवलं असतं. पलीकडे तुर्सुनायबाई माझ्या पेडलकडे बघत होत्या. आणि बेक्तुर माझ्याकडे बघून हसला. चारच दात, पण सगळे दाखवले.

मी कापली. दोन पायांमधून सुरी एकदाच ओढली आणि वेढे कचाकच तुटले. लोकांनी आनंदानं आरोळी ठोकली. मी हातातले तुकडे मोजले, तेरा भरले. कादिर व्याही वाकून बघत होते. त्यांनी एक तुकडा उचलला, टोक डोळ्यांजवळ धरलं आणि पस्तीस वर्षांच्या अनुभवानं सांगितलं, "पाचही तारा साफ तुटल्या आहेत."

मग त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि तो तुकडा हळूच खाली ठेवला. एवढी माणुसकी त्यांनी दाखवली, हे कबूल करायला हवं.

आता माझ्याकडे उरली होती ती बाजारची केबल. तिच्यातून हुकूम जाणार होता, वीज नव्हे. पेडल मेलेलं. मी टेबलाच्या कडेवर बसलो आणि मला गालिच्यांचा वास यायला लागला, खरंच सांगतो. तेवढ्यात बुरुल पिठाच्या कोठीतून आली आणि तिनं माझ्या मांडीवर काहीतरी ठेवलं. जुना अडॅप्टर.

"तुम्ही फेकलात तेव्हाच उचलला होता," ती म्हणाली. "लोकरीचं रात्री बोलू."

त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. व्याह्यांनी स्वतः बोर्ड लावला, स्वतः अडॅप्टर खोचला, तो घट्ट बसलाय का ते तीनदा पाहिलं. पेडलचे दिवे लागले. मग मी बंदोबस्त केला. टाचांचे बूट घातलेल्या प्रत्येक बाईला मी हात जोडून पलीकडच्या गालिच्यावर बसवलं. दोघींचे तर बूटच काढून घेतले. पेडलच्या आसपास तीन पावलांत माणूस ठेवला नाही. सगळ्यांच्या पायांवर माझं लक्ष होतं. फक्त एका जोडीवर नव्हतं, कारण त्या पायांना चालता येत नव्हतं.

मी बटण दाबलं. ढोल सुरू झाला, मी म्हणालो तेव्हा! पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्यात बासरी आली, तीही वेळेवर. तिसऱ्याला मी नाचाचा जलद ठेका लावला, आणि तुर्सुनायबाईंची मान डोलायला लागली. त्यांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. आता फक्त शेवट. एक बटण आणि शनिवार माझा.

तेव्हा बेक्तुरनं आजीचं बोट सोडलं.

एक पाऊल. दोन. सगळं अंगण उठून उभं राहिलं. तीन, चार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू, मीही गाता गाता पावलं मोजत होतो. दोरी कापून पाव तास झाला नाही तोवर पोर चाललं! पाच, सहा. तो हात पसरून माझ्याकडेच येत होता, असं मला वाटलं. पण तो अडॅप्टरवरच्या छोट्या हिरव्या दिव्याकडे चालला होता. सातव्या पावलाला त्याचा पाय वायरीत अडकला, तो बदकन बसला, आणि अडॅप्टर त्याच्या मांडीवर येऊन पडला.

पेडल अंधारलं. मी बंद करायचं बटण दाबलं. ढोल चालू. टाचेनं दाबलं, चालू. बसून हातांनी दाबलं, चालू. बेक्तुर अडॅप्टर चोखत बसल्या जागी उड्या मारायला लागला. ते पाहून लोक वेडे झाले. बूट काढून घेतलेल्या दोघी अनवाणी नाचायला उतरल्या, त्यांच्यामागे बाकीच्या, आणि माझ्या नि डब्याच्या मध्ये नाचणाऱ्यांची भिंत उभी राहिली. एक म्हातारबुवा नातवाला आशीर्वाद द्यायला उभे राहिले होते. त्यांनी ठेका ऐकला आणि ते निमूट खाली बसले. मे महिन्यातली हकीगत त्यांच्याही कानावर गेली असणार.

किती वेळ चाललं कोणास ठाऊक. मग एकदम सगळं थांबलं. ढोल, माइक, आतला फ्रिज, स्वयंपाकघरातला रेडिओ, सगळं. कादिर व्याही घराच्या दारात उभे होते आणि त्यांचा हात मुख्य खटक्यावर होता.

तुर्सुनायबाई उठल्या, अंगरखा झटकला आणि माझ्यापाशी आल्या.

"गाणं सुरू कोणी केलं?"

"मी."

"आणि थांबवलं कोणी?"

मी दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी व्याह्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि म्हणाल्या, "शनिवारी यांना पाठव."

तेव्हापासून दर शनिवारी कादिर व्याही नवा कोट घालून तुर्सुनायबाईंच्या हॉलमध्ये मुख्य खटक्याशेजारी बसतात. वाजवायला बिश्केकहून कोणीतरी येतो. गाणंबजावणं हे जबाबदारीचं काम आहे, असं व्याही आता चारचौघांत सांगतात. केबलचे तेरा तुकडे विहीणबाईंनी पेटीत जपून ठेवलेत, चांदीच्या बोंडांसकट.

आणि मी गालिचे उचलतो. दुपारी बुरुल बेक्तुरला दुकानात आणून सोडते. तो आता चालत नाही, धावतो. दुकानात एकच बोर्ड आहे, दिव्यांचा, पंख्याचा, सगळ्याचाच, आणि तो गालिच्यांच्या थप्पीमागे आहे. मोठ्या माणसालाही तो सापडत नाही. बेक्तुरला बरोबर सापडतो. दिवसातून चार वेळा दुकान अंधारात जातं, आणि चारही वेळा माझा मेहुणा अंधारातूनच विचारतो, "दाजी, या पोराचे पाय कोणी मोकळे सोडले हो?"

मी चाचपडत जाऊन प्लग पुन्हा लावतो.